ओळखीचा आवाज आणि अनोळखी यंत्र

माणसाची ओळख पटवून देणारी सर्वांत जुनी खूण म्हणजे त्याचा आवाज. तान्ह्या बाळाची नजर स्थिरावण्याआधीच ते आईचा आवाज ओळखू लागते. दाराबाहेरून आलेली आपल्या माणसाची हाक ऐकताच आपण कडी काढतो. त्या वेळी कोणी ओळखपत्र मागत नाही. कुटुंब, शेजार, बाजार आणि धर्मग्राम यांचे सारे व्यवहार या साध्या भरवशावर शतकानुशतके चालत आले आहेत. आज एका नव्या तंत्रज्ञानाने नेमक्या याच खुणेला हात घातला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाही व्यक्तीच्या आवाजाची आणि चेहऱ्याची हुबेहूब नक्कल करणे आता शक्य झाले आहे. ही नक्कल कशी होते, तिच्यामुळे घराघरातील विश्वासाला कोणता तडा जात आहे, ख्रिस्तसभा या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहते आणि आपण कोणती काळजी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आवाज वाहून नेणारी यंत्रे

आवाज आणि यंत्र यांचे नाते नवे नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप पायस अकरावे यांनी व्हॅटिकन आकाशवाणीचे उद्घाटन केले. हे केंद्र उभारण्याची जबाबदारी बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक गुल्येल्मो मार्कोनी यांनी पार पाडली होती. त्या दिवशी पोपमहोदयांनी लॅटिन भाषेत दिलेला संदेश दूरदूरच्या देशांतील भाविकांनी आपल्या कानांनी ऐकला. जो आवाज तोपर्यंत रोममध्ये जाणाऱ्यांनाच ऐकू येत असे, तो समुद्र ओलांडून सर्वसामान्यांच्या घरात पोहोचला. ख्रिस्तसभेने या यंत्राचे स्वागत केले. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला आणि या माध्यमांचा सदुपयोग करण्याचे आवाहन केले.

आपल्याकडेही या यंत्रांचे ऋण मोठे आहे. वसईतील व गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांतील मुले आखाती देशांत, जहाजांवर, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात नोकरीनिमित्त राहतात. एके काळी महिनोन्महिने पत्राची वाट पाहिली जाई. नंतर दूरध्वनी आला, मग भ्रमणध्वनी आला आणि आता हातातल्या पडद्यावर नातवंडाचा चेहराही दिसतो. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्ध माता-पित्यांसाठी रोज सायंकाळी येणारा तो फोन हाच जणू कुटुंबाचा धागा असतो.

तथापि या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. ती आवाज वाहून नेत. स्वतः बोलत नसत. फोनवर मुलाचा आवाज ऐकू आला, तर दुसऱ्या टोकाला मुलगाच असणार याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. कोणी चांगला नकलाकार असला, तरी आईला फसवणे त्याला जड गेले असते. आजचे यंत्र आवाज वाहून नेत नाही, तर तो घडवते. बदल झाला आहे तो इथे.

नक्कल कशी केली जाते?

प्रत्येकाचा आवाज वेगळा का वाटतो? स्वराची पट्टी, घसा, मुख व नाक यांच्या पोकळ्यांत होणारा नाद, शब्दांमधील विश्रांती, श्वासाची लय, उच्चारांतील प्रादेशिक वळण अशा अनेक गोष्टींच्या मिश्रणातून तो घडतो. संगणकाला हजारो माणसांचे बोलणे ऐकवले, तर माणसे सर्वसाधारणपणे कशी बोलतात याचे गणित तो आपल्यापाशी तयार करतो. त्यानंतर एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा आवाज शिकण्यासाठी त्याला फार काही लागत नाही. त्या व्यक्तीचे बोलणे इतरांपेक्षा कुठे आणि किती वेगळे आहे, एवढेच त्याला टिपायचे असते. अनुभवी शिंपी जसा दोन-चार मापे घेऊन अंगाबरोबर सदरा शिवतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'व्हॅल-ई' नावाची प्रणाली जगासमोर मांडली. सुमारे ६०,००० तासांचे इंग्रजी बोलणे ऐकवून ती घडवण्यात आली होती. अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून ती अनोळखी व्यक्तीच्या आवाजाची नक्कल करू शकत होती. तीन सेकंद म्हणजे 'हॅलो, कोण बोलतंय?' एवढे म्हणण्यास लागणारा वेळ. असे नमुने मिळवणे अवघड राहिलेले नाही. लग्नसमारंभातील भाषणे, वाढदिवसाच्या चित्रफिती, समाजमाध्यमांवरील गाणी यांतून आपण सर्वांनीच आपला आवाज उघड्यावर ठेवलेला आहे.

चेहऱ्याच्या नकलेचीही अशीच कथा आहे. २०१४ मध्ये इयान गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत शोधून काढली. तीत एक संगणकप्रणाली खोटी चित्रे बनवते आणि दुसरी ती पकडण्याचा प्रयत्न करते. या चढाओढीत पहिली प्रणाली इतकी तरबेज होते की खरे-खोटे वेगळे करणे कठीण होऊन बसते. २०१७ च्या सुमारास अशा बनावट चित्रफितींना 'डीपफेक' हे नाव रूढ झाले. त्यानंतर आणखी प्रभावी पद्धती आल्या आणि जे काम पूर्वी तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत होत असे, ते आता सामान्य भ्रमणध्वनीवर होऊ लागले.

हे तंत्रज्ञान मुळातच दुष्ट आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही असाध्य मज्जारोगांमध्ये रुग्णाची वाचा हळूहळू जाते. असा रुग्ण वाचा शाबूत असतानाच आपल्या आवाजाचे नमुने जतन करून ठेवू शकतो आणि पुढे त्याने टंकलिखित केलेले शब्द यंत्र त्याच्याच आवाजात उच्चारते. ज्या घरात वडिलांचा आवाज कायमचा बंद होणार होता, तिथे तो ऐकू येत राहतो. हे करुणेचे काम आहे. तेव्हा प्रश्न यंत्राच्या अस्तित्वाचा नसून ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी वापरले जाते, याचा आहे.

बहुरूप्याचे नवे सोंग

महाराष्ट्राच्या गावांना बहुरूपी परिचित आहे. पोलीस फौजदाराचा वेष घालून तो दारात येतो, दरडावतो, पकडवॉरंटची भाषा बोलतो. क्षणभर घरातील माणसे गोंधळतात. मग तो हसतो, सोंग उतरवतो आणि बिदागी मागतो. त्याची कला प्रामाणिक आहे, कारण शेवटी तो स्वतःच आपली ओळख देतो. आजचा सायबर गुन्हेगार तेच सोंग घेतो, मात्र ते कधीच उतरवत नाही.

जुलै २०२३ मध्ये केरळातील कोझिकोड येथे एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा तोच, आवाजही तोच. नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने पैसे हवेत, असे सांगण्यात आले. त्यांनी ४०,००० रुपये पाठवले. पुन्हा मागणी आली तेव्हा त्यांना संशय आला. आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर त्यांनी त्या मित्राला फोन केला आणि त्याने असा कोणताही कॉल केलेलाच नव्हता, हे उघड झाले. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये तर एका बहुराष्ट्रीय कंपनीचा कर्मचारी व्हिडिओ बैठकीत बसला असता त्याच्यासमोर दिसणारे सारे वरिष्ठ व सहकारी बनावट होते. त्याने त्यांच्या सूचनेवरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर इतरत्र वळते केले. त्याच वर्षी जानेवारीत सचिन तेंडुलकर यांच्या चेहऱ्याचा व आवाजाचा वापर करून एका ऑनलाइन खेळाची बनावट जाहिरात पसरवण्यात आली आणि ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले.

'डिजिटल अरेस्ट' हा प्रकार याच कुळातला आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमचे आधार कार्ड गुन्ह्यात वापरले गेले, असे सांगून गणवेशधारी व्यक्ती व्हिडिओ कॉलवर येते. मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, असा हुकूम सुटतो आणि वृद्ध माणसे तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस आपल्याच घरात कैदी होतात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतच अशा प्रकारांत १२० कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुबाडली गेली. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी या विषयावर देशाला सावध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या गुन्ह्यांची दखल घेतली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या फसवणुकीत यंत्राची करामत दुय्यम असते. पुष्कळदा साधा गणवेश आणि रंगवलेला पडदा पुरतो. खरे हत्यार असते ते भीती, घाई आणि गुप्तता यांचे. 'आत्ताच पैसे पाठवा' आणि 'कोणालाही सांगू नका' या दोन वाक्यांवर सारा डाव उभा असतो. मुलाचा हुबेहूब रडवेला आवाज त्यात मिसळला की आईचे उरलेसुरले भानही हरपते. म्हणूनच केवळ भोळी वा अशिक्षित माणसेच फसतात, हा समज खोटा आहे. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आणि उद्योगपतीही यांत फसले आहेत.

ख्रिस्तसभेची भूमिका

या नकलेतून खुद्द पोपमहोदयही सुटलेले नाहीत. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांना पांढऱ्या फुगीर कोटात दाखवणारे बनावट छायाचित्र जगभर पसरले आणि लाखो लोकांनी ते खरे मानले. २४ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात त्यांनी आपणही अशा बनावटीचा विषय झाल्याचे नमूद केले. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि त्याच महिन्यात आफ्रिकेतील एका देशाच्या लष्करी नेत्याची स्तुती करणारे त्यांचे एक लांबलचक बनावट भाषण समाजमाध्यमांवर फिरू लागले. व्हॅटिकनला ते खोटे असल्याचे जाहीर करावे लागले.

पोप लिओ यांनी आपले नाव निवडण्यामागील कारण निवडीनंतर दोनच दिवसांनी कार्डिनलांसमोर सांगितले. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्राद्वारे औद्योगिक क्रांतीत भरडल्या जाणाऱ्या कामगारांची बाजू मांडली होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तशीच नवी आव्हाने उभी ठाकली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. भाविकांशी बोलणारी आपली संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी तो नाकारला, हे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. २०२६ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनासाठी त्यांनी मानवी आवाज आणि चेहरे यांचे जतन हाच विषय निवडला.

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एत नोव्हा' या दस्तऐवजात या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. यंत्राला माणूस म्हणून लोकांपुढे उभे करणे टाळले पाहिजे आणि फसवणुकीसाठी तसे करणे हे गंभीर नैतिक अपकृत्य आहे, कारण त्याने समाजाचा परस्परविश्वास पोखरला जातो, असे त्यात म्हटले आहे. अशा कृत्यात चोरीला मनाई करणारी सातवी आज्ञा आणि खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा एकाच वेळी मोडली जाते. पैसा परत मिळू शकतो. माणसावरचा विश्वास एकदा उडाला की तो परत आणणे कठीण असते.

चांगल्या हेतूनेही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील एका कॅथलिक संस्थेने श्रद्धाविषयक प्रश्नांना उत्तरे देणारा संगणकीय 'धर्मगुरू' तयार केला. तो स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवू लागला, पापक्षमा देण्यापर्यंत त्याची मजल गेली आणि काही दिवसांतच संस्थेला त्याचा धर्मगुरूचा वेष व पदवी काढून घ्यावी लागली. २००२ मध्येच व्हॅटिकनच्या संपर्क माध्यम परिषदेने इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले होते. यंत्र धर्मशिक्षणाची माहिती देईल, परंतु पापनिवेदन ऐकणारा कान आणि क्षमा उच्चारणारी वाणी ही प्रत्यक्ष उपस्थित माणसाचीच असावी लागते.

पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग

आवाज आणि फसवणूक यांचा प्रश्न बायबललाही अपरिचित नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात वृद्ध, दृष्टिहीन इसहाकाची कथा आहे. याकोब वडीलभावाचे कपडे घालून, हातांना करडांचे कातडे गुंडाळून वडिलांसमोर जातो. इसहाकाला आवाज याकोबाचा वाटतो, पण हात एसावाचे लागतात. मनात शंका येऊनही तो थांबत नाही, तिसऱ्या कोणाला विचारत नाही आणि आशीर्वाद देऊन टाकतो. थोड्या वेळाने खरा एसाव येऊन धाय मोकलून रडतो. पण दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. ज्या वृद्ध पित्याने घाईत आपली जन्मभराची पुंजी चुकीच्या हाती सोपवली आहे, त्याला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा प्रसंग बाल शमुवेलाचा. रात्री त्याला हाक ऐकू येते आणि ती एली याजकाची आहे, असे समजून तो तीनदा धावत त्याच्याकडे जातो. हाक कोणाची हे त्याला ठाऊक नाही. पण तो हाकेकडे दुर्लक्ष करत नाही आणि स्वतःच्या मनाने निष्कर्षही काढत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे तो प्रत्यक्ष चालत जातो आणि विचारतो. एलीची नजर मंदावलेली होती, तरीही ती हाक परमेश्वराची आहे, हे अखेर त्यालाच उमगले. आवाज पारखण्याचे काम एकट्याने करावयाचे नसते, ते नात्यातून होते, हा धडा त्यात आहे.

दुसरा, अधिक खोल धोका

खोट्या आवाजाला खरे मानणे हा एक धोका झाला. त्याहून खोल धोका दुसरा आहे: खऱ्या आवाजालाही खोटे मानणे. फसवणुकीच्या बातम्या ऐकून ऐकून मन इतके साशंक होईल की खरोखर संकटात सापडलेल्या माणसाची हाक आपण फोन बंद करून टाळू. परदेशी रुग्णालयात असलेला मुलगा, रात्री वाटेत अडकलेली मुलगी, औषधासाठी मदत मागणारा शेजारी यांच्यावर 'हेही बनावट असेल' असा शिक्का मारणे सोपे होईल. अपराध करणाऱ्यालाही खरी चित्रफीत 'डीपफेक' म्हणून झटकून टाकता येईल. ज्या समाजात कोणाच्याच शब्दावर कोणाचा विश्वास उरत नाही, तिथे शेजारधर्म, दानधर्म आणि साक्ष या तिन्ही गोष्टी अशक्य होतात. भल्या शोमरोनीला जखमी माणूस रस्त्याच्या कडेला डोळ्यांसमोर दिसला होता. आज तो पडद्यावर दिसतो आणि तो खरा की खोटा, या विचारातच आपण पुढे निघून जाण्याची भीती आहे.

म्हणून सावधगिरी म्हणजे संशय नव्हे. संशय दार बंद करतो. सावधगिरी दारापर्यंत जाऊन कोण आहे ते पाहते.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, पैशाची मागणी करणारा कोणताही फोन आला, आवाज कितीही ओळखीचा असला तरी तो बंद करून त्या व्यक्तीच्या आपल्याजवळ असलेल्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. कोझिकोडच्या गृहस्थांना सत्य कळले ते याच मार्गाने. खरे संकट असेल तर या दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

दुसरी, प्रत्येक कुटुंबाने आपला एक गुप्त शब्द ठरवावा. तो घरातल्या माणसांनाच ठाऊक असावा आणि कुठेही लिहून ठेवू नये. अडचणीच्या वेळी तो विचारता येईल. सायंकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर सारे एकत्र बसलेले असताना हा निर्णय सहज घेता येईल.

तिसरी, भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद नाही. पोलीस, न्यायालय वा सीमाशुल्क खाते व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-क आणि ६६-ड यांनुसार दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तोतयेगिरीने फसवणे हे तुरुंगवासास पात्र गुन्हे आहेत.

चौथी गोष्ट धर्मग्रामाने करावयाची आहे. ज्येष्ठांच्या मेळाव्यात, लहान ख्रिस्ती समूहांच्या सभांत आणि युवकांच्या कार्यक्रमांत या विषयाची चर्चा व्हावी. युवकांनी आपल्या वाड्यातील एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जाऊन त्यांना या गोष्टी समजावून द्याव्यात. धर्मगुरूंच्या वा बिशपमहोदयांच्या नावाने पैसे मागणारा संदेश आल्यास थेट धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन खात्री करावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची: जो फसला त्याला हसू नये. लाजेपोटी कित्येक ज्येष्ठ ही गोष्ट मुलांनाही सांगत नाहीत आणि एकटेच झुरतात. गुन्हेगाराला नेमका हाच एकांत हवा असतो. 'तुम्हाला एवढेही कळले नाही का?' असे म्हणण्याऐवजी 'चला, आपण मिळून तक्रार करू' असे म्हणणारे माणूस त्या घरी लवकर पोहोचले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. मेंढरे त्याचा आवाज ओळखतात ती रोजच्या सहवासामुळे. त्यांनी तो एकदाच कुठे ऐकलेला नसतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालेनाने डोळ्यांनी पाहूनही प्रभूला ओळखले नाही. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हाच तिला ओळख पटली. त्या एका हाकेमागे दीर्घ सहवास उभा होता. यंत्र आपल्या आवाजाची नक्कल करील, परंतु एकत्र घालवलेल्या दिवसांची नक्कल त्याला करता येणार नाही. ज्या घरात माणसे एकमेकांशी मनमोकळेपणे बोलतात, एकमेकांची विचारपूस करतात आणि अडचण लपवत नाहीत, त्या घराला फसवणे अवघड असते. तेव्हा नव्या तंत्रज्ञानाचा आदर राखून, त्याच्या धोक्यांचे भान ठेवून, आपण आपली नाती अधिक घट्ट करू या. आपल्या घरातील ज्येष्ठांना आजच एक फोन करू या आणि शक्य असेल तर त्यांच्या दारी जाऊन त्यांना प्रत्यक्ष हाक मारू या.